‘त्या काळी माहीतच नव्हते’: बुटांच्या दुकानातील क्ष-किरण यंत्र आणि एक सोयीस्कर असत्य

(१)
इतिहासप्रेमींच्या वर्तुळात एक जुने छायाचित्र अधूनमधून फिरत असते. छातीइतक्या उंचीची लाकडी पेटी. तळाशी पाय सरकवण्यासाठी फट. वरच्या बाजूस डोळे लावण्यासाठी तीन झरोके. आणि पेटीवर चढून आत डोकावणारे एखादे लहान मूल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील आणि युरोपातील बुटांच्या दुकानांत असणारे हे क्ष-किरण यंत्र. नवा बूट घालून पाय आत ठेवायचा, कळ दाबायची आणि बुटाच्या आतील स्वतःच्या पायाची हाडे पाहायची. या छायाचित्राखाली दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. पहिली हसते: लोक किती अडाणी होते! दुसरी क्षमा करते: त्या काळी बिचाऱ्यांना माहीतच नव्हते. हा धागा दुसऱ्या प्रतिक्रियेविरुद्ध आहे. ती समंजस वाटते. पण ती खरी नाही.

(२)
वस्तुतः हसणारा आणि क्षमा करणारा हे दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात. ती म्हणजे, यंत्र दुकानात आले तेव्हा क्ष-किरणांचा धोका जगाला अज्ञात होता. पुराव्यांशी हे गृहीतक क्षणभरही टिकत नाही. पहिले यंत्र व्यापाऱ्यांपुढे मांडले गेले त्याच्या दोन दशके आधी धोका प्रयोगाने सिद्ध झाला होता, वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला होता आणि त्यापायी माणसे मेली होती. ‘त्या काळाच्या चष्म्यातून पाहा’ हा उपदेश योग्यच आहे. मात्र तो चष्मा खरोखर डोळ्यांवर चढवला, तर जे दिसते ते अज्ञान नव्हे. दिसते ती ज्ञान आणि जबाबदारी यांची सोयीस्कर फारकत.

(३)
आधी यंत्राची रचना. पेटीच्या तळाशी क्ष-किरण नळी असे. तिला सुमारे ५० हजार व्होल्ट दाब दिला जाई. नळीच्या वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावर ग्राहकाचे पाय, पायांच्या वर प्रतिदीप्त पडदा आणि त्याच्याही वर तीन झरोके. एक ग्राहकासाठी, एक विक्रेत्यासाठी आणि एक आईवडिलांसाठी. कळ दाबली की किरण खालून वर जात. हाडे आणि बुटातील खिळे पडद्यावर गडद दिसत, मऊ भाग फिकट हिरवट प्रकाशात विरून जाई. वेळ लावण्याची सोय साधारण ५ ते ४५ सेकंदांची असे. नेहमीचा वापर २० सेकंदांच्या आसपास. किरणांची दिशा नीट लक्षात घ्यावी. ती पायांकडून वर होती, म्हणजे पोट, छाती आणि वाकलेल्या चेहऱ्यांकडे.

(४)
आता कालक्रम पाहू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरण आढळले. काही आठवड्यांत ही वार्ता जगभर पसरली. १८९६ हे वर्ष संपण्यापूर्वीच किरणांखाली बसलेल्यांची त्वचा भाजल्याच्या आणि केस गळाल्याच्या नोंदी शास्त्रीय नियतकालिकांत येऊ लागल्या. म्हणजे शोध आणि त्याचा धोका यांत दशकांचे नव्हे, महिन्यांचे अंतर आहे. प्रारंभी काहींनी हा दोष विजेला दिला, काहींनी ओझोन वायूला. दोष नेमका कशाचा हे ठरवण्यासाठी प्रयोग हवा होता. तो बॉस्टनमध्ये झाला. या कथेत बॉस्टन शहर पुन्हा पुन्हा येणार आहे.

(५)
विल्यम रोलिन्स हे बॉस्टनमधील दंतवैद्य. त्यांनी गिनीपिगना विजेचा कोणताही परिणाम पोहोचणार नाही अशा बंदिस्त व्यवस्थेत ठेवले आणि त्यांच्यावर केवळ क्ष-किरण सोडले. प्राणी काही दिवसांत मेले. किरण स्वतःच मारक आहेत, हा निष्कर्ष त्यांनी १९०१ मध्ये ‘बॉस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. इतकेच करून ते थांबले नाहीत; उपायही सांगितले. नळी शिसेयुक्त आवरणात बंद करावी, पाहणाऱ्याने किरण अडवणारा चष्मा वापरावा आणि शरीराचा जेवढा भाग पाहायचा तेवढाच उघडा ठेवून उर्वरित झाकावा. आज दवाखान्यात जे नियम पाळले जातात त्यांचा गाभा १९०१ मध्ये छापील स्वरूपात उपलब्ध होता.

(६)
प्राण्यांवरील प्रयोग ज्यांना पुरेसा वाटला नाही, त्यांच्यासाठी माणसांची उदाहरणेही लवकरच समोर आली. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील सहायक क्लॅरेन्स डॅली हे प्रतिदीप्त पडद्यावर हाडे पाहण्याच्या उपकरणावर काम करत. बुटांच्या दुकानातील पेटी ही त्याच तंत्राची वंशज. त्यांच्या हातांवर जखमा झाल्या, त्यांतून कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये ते मरण पावले. एडिसन यांनी क्ष-किरणांवरील काम सोडून दिले आणि आपल्याला त्यांची भीती वाटते हे वृत्तपत्रांपाशी उघड सांगितले. १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील निष्णात क्ष-किरण छायाचित्रकार एलिझाबेथ फ्लाइशमन यांचाही असाच अंत झाला. या बातम्या गुप्त नव्हत्या. त्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या.

(७)
१९०६ मध्ये आणखी एक महत्त्वाचे पाऊल पडले. फ्रान्समधील बेर्गोनिए आणि त्रिबाँदो या दोन संशोधकांनी एक नियम मांडला: ज्या पेशी वेगाने विभाजित होतात त्यांच्यावर किरणांचा परिणाम अधिक होतो. वाढीची पेशी सर्वांत नाजूक, असा त्याचा सोपा अर्थ. मुलांची हाडे टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्यांतून लांब होतात, आणि पायात अशा पट्ट्या अनेक असतात. तेव्हा किरणांचे यंत्र कोणापासून सर्वाधिक दूर ठेवावे, असा प्रश्न १९०६ नंतर कोणी विचारला असता तर उत्तर एकच आले असते: मुलांपासून. चौदा वर्षांनी जे यंत्र बाजारात आले त्याचा सर्वांत लाडका ग्राहक मात्र मूलच होते.

(८)
यंत्राच्या जनकत्वावर अनेकांनी दावा सांगितला. पण कागदपत्रांत ठळक दिसणारे नाव जेकब लो यांचे आहे. बॉस्टनचे हे डॉक्टर पहिल्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांचे पाय बूट न काढता किरणांनी तपासत. युद्ध संपले आणि तंत्राला नवा ग्राहक हवा होता. १९१९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९२० मध्ये बॉस्टन येथे बूटविक्रेत्यांच्या मेळाव्यात यंत्र दाखवले. १९२७ मध्ये पेटंट मंजूर झाले आणि ते मिलवॉकीच्या एड्रियन कंपनीकडे गेले. इंग्लंडमध्ये सेंट अल्बन्सची पेडोस्कोप कंपनी अशीच यंत्रे बनवू लागली. ज्या शहरात किरण मारक असल्याचे सिद्ध झाले, त्याच शहरात एकोणीस वर्षांनी ते बूट विकण्याच्या कामी लागले.

(९)
लो यांच्या पेटंटमधील युक्तिवाद लक्षणीय आहे. आपल्या मुलांच्या पायांची कोवळी हाडे आणि सांधे बुटामुळे दुखावणार वा वेडेवाकडे होणार नाहीत, याची खात्री पालकांना स्वतःच्या डोळ्यांनी करून घेता येईल, असे आश्वासन त्यात होते. म्हणजे हाडे कोवळी आहेत, त्यांना इजा होऊ शकते आणि ती वाढत्या वयात अधिक होते, हे सर्व पेटंट लिहिणाऱ्याला ठाऊक होते. बुटाच्या चामड्याने होऊ शकणारी इजा त्याने मोजली. किरणांनी होऊ शकणारी इजा त्या हिशेबात धरली गेली नाही. हा केवळ अज्ञानाचा परिणाम मानावा, तर त्या अज्ञानाने बाजू निवडताना विलक्षण चतुराई दाखवली असे म्हणावे लागेल.

(१०)
१९२१ मध्ये, बॉस्टनच्या मेळाव्यानंतर जेमतेम वर्षभरात, ब्रिटनमध्ये क्ष-किरण व रेडियम संरक्षण समितीने सुरक्षेच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. कामाचे तास मर्यादित असावेत, पुरेशी सुट्टी असावी, शिशाच्या आडोशामागे उभे राहावे. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. १९३४ मध्ये तिने किरणांसोबत काम करणाऱ्या निरोगी माणसासाठी दिवसाला ०.२ राँटजेन ही सह्य मर्यादा सुचवली. राँटजेन हे किरणांची मात्रा मोजण्याचे तत्कालीन एकक. म्हणजे याच वर्षांत रुग्णालयातील क्ष-किरण विभागात आडोसे उभे राहत होते आणि रस्त्यापलीकडील बुटांच्या दुकानात विक्रेता उघड्या यंत्राशेजारी दिवसभर उभा होता.

(११)
या विसंगतीचे स्पष्टीकरण विज्ञानात सापडत नाही. ते वर्गीकरणात सापडते. रुग्णालयातील यंत्र ‘वैद्यकीय उपकरण’ होते. दुकानातील यंत्र ‘विक्रीचे साधन’ होते. डॉक्टर त्याकडे पाहत नसत, कारण तेथे रुग्ण नव्हता. कामगार निरीक्षक पाहत नसत, कारण दुकान म्हणजे कारखाना नव्हे. किरण मात्र पाटी वाचून वागत नाहीत. नळी तीच, दाब तोच, परिणाम तोच. बदलली होती केवळ पेटीवरची पॉलिश. ज्या वस्तूचे नाव बदलले की तिच्यावरील नियम लागू होत नाहीत, ती वस्तू धोकादायक आहे हे ‘माहीत नव्हते’ असे म्हणणे म्हणजे नाव बदलणाऱ्याला निर्दोष ठरवणे होय.

(१२)
निदान ते यंत्र उपयुक्त तरी होते काय? पडद्यावर हाडे आणि बुटाची कडा दिसत. मांस, स्नायू आणि त्वचा नीट दिसत नसत. बूट चावतो तो हाडाला थेट नव्हे, मधल्या मांसाला. शिवाय चित्र सपाट. बुटाची उंची आणि पायाच्या चवड्यावरील दाब त्यात उमटत नाही. बूट बरोबर बसला की नाही हे शेवटी तोच प्रश्न विचारून कळे, जो कोणताही चांभार शतकानुशतके विचारत आला आहे: चालून पाहा, कुठे लागते का? यंत्राने मापाचे काम केले नाही. त्याने विक्रेत्याच्या शब्दाला विज्ञानाची झूल चढवली.

(१३)
पर्याय नव्हता, असेही नाही. अमेरिकेतील सिराक्यूज येथे बूटव्यवसायातील कुटुंबातच वाढलेल्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात पायाची लांबी, रुंदी आणि चवड्यापर्यंतचे अंतर एकाच वेळी मोजणारी धातूची पट्टी तयार केली. ना वीज, ना नळी, ना किरण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने आपल्या सैनिकांचे पाय याच पट्टीने मोजले आणि ती आजही दुकानांत दिसते. क्ष-किरण यंत्र आणि ही पट्टी ही एकाच दशकाची अपत्ये आहेत. स्वस्त, सुरक्षित आणि अधिक अचूक साधन शेजारी उपलब्ध असताना दुकानदार महागडी पेटी घेतो, तेव्हा त्याला माप नको असते. त्याला गर्दी हवी असते.

(१४)
गर्दी होतच असे. स्वतःच्या पायाची हिरवट हाडे हलताना पाहणे हा मुलांसाठी जादूचा खेळ होता. बूट घ्यायचा असो वा नसो, मुले पेटीवर चढत, पुन्हा पुन्हा कळ दाबत. एकेका जोडासाठी तीन-चार वेळा पाहणी होई. सर्वांत चतुर भाग पालकांना उद्देशून होता: जी आई मुलाचे पाय किरणांखाली तपासून घेत नाही ती निष्काळजी, असा सूर जाहिरातींत असे. मातृप्रेमाला अपराधाची टोचणी लावून विक्री वाढवण्याचे तंत्र आज परिचित आहे. तेव्हा ते नवे होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी अशी यंत्रे अमेरिकेत सुमारे १० हजार, ब्रिटनमध्ये सुमारे ३ हजार आणि कॅनडात सुमारे १ हजार होती.

(१५)
ग्राहक वर्षातून काही वेळा येई. विक्रेता रोज तेथे असे. बूट कोठे सैल आहे हे दाखवण्यासाठी अनेक विक्रेते यंत्र चालू असताना हात आत घालून बुटाचे टोक दाबत. लाकडी पेटीतून गळणारे विखुरलेले किरण त्यांच्या पायांवर आणि कमरेवर पडत. दुकानातील या नोकरवर्गात स्त्रियाही होत्या. डॅली यांचे हात कशामुळे गेले हे छापून वीसेक वर्षे झालेली असताना तोच हात, त्याच किरणांत, तुटपुंज्या पगारावर रोज घातला जात होता. या माणसांची नावे कोणत्याही प्रदर्शनात वा लेखात सहसा येत नाहीत. मुलांच्या आठवणी रम्य असतात. नोकरांच्या आठवणी कोणी विचारल्या नाहीत.

(१६)
याच काळात धोक्याचे ज्ञान वाढतच गेले. १९२७ मध्ये, म्हणजे लो यांचे पेटंट मंजूर झाले त्याच वर्षी, हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांमुळे फळमाशीच्या आनुवंशिक गुणांत कायमचे बदल होतात हे दाखवले; १९४६ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. १९३६ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे किरणांना बळी पडलेल्या संशोधक, डॉक्टर आणि साहाय्यकांचे दगडी स्मारक उभारले गेले. अनावरणाच्या वेळी त्यावर १५ देशांतील १६९ नावे कोरलेली होती. पुढे ती वाढत गेली. ज्या धोक्याचे स्मारक १९३६ मध्ये दगडात उभे होते, तो १९४० च्या दशकात ‘माहीत नव्हता’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

(१७)
१९४६ मध्ये अमेरिकेतील प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने बुटांच्या यंत्रासाठी मर्यादा आखली. ५ सेकंदांच्या एका पाहणीत पायांना २ राँटजेनहून अधिक मात्रा मिळू नये. मुलांच्या पाहण्या वर्षात १२ हून अधिक होऊ नयेत. वरकरणी हा नियम संरक्षक वाटतो. प्रत्यक्षात त्याने दोन गोष्टी केल्या. एक, अनावश्यक किरणांना अधिकृत मान्यता दिली. दोन, मोजणीची जबाबदारी कोणावरच टाकली नाही. एखादे मूल एका दुकानात पाच वेळा, दुसऱ्यात सहा वेळा आणि तिसऱ्यात पुन्हा चार वेळा यंत्रापाशी गेले, तर पंधराची बेरीज कोणत्या वहीत होणार होती? तशी वही अस्तित्वात नव्हती.

(१८)
हा नियम किती पाळला गेला, हे १९४९ मध्ये उघड झाले. चार्ल्स विल्यम्स यांनी यंत्रांची मोजणी करून ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष मांडले. पायांवरील मात्रा सेकंदाला ०.५ ते ५.८ राँटजेन आढळली. आता साधे गणित करावे. ५ सेकंदांत २ राँटजेन म्हणजे सेकंदाला ०.४. याचा अर्थ, मोजलेल्यांपैकी सर्वांत सौम्य यंत्रसुद्धा मर्यादा ओलांडत होते. नेहमीच्या २० सेकंदांत पायांना १० ते ११६ राँटजेन मिळत. आजच्या छातीच्या क्ष-किरण तपासणीत त्वचेवर पडणाऱ्या मात्रेच्या तुलनेत हे शेकडो पटींनी अधिक आहे. आणि हो, हे नियतकालिक म्हणजे रोलिन्स यांचा १९०१ चा निष्कर्ष छापणारेच बॉस्टनचे नियतकालिक. १९२८ मध्ये त्याचे नाव बदलले होते.

(१९)
त्याच अंकात लुई हेम्पेलमन यांचा इशाराही होता. हेम्पेलमन यांनी महायुद्धकाळात लॉस अलामोस येथे, जेथे अणुबाँब तयार झाला तेथे, आरोग्य विभागाची धुरा सांभाळली होती. मुलांच्या हाडांच्या वाढीत अडथळा, त्वचेची इजा आणि विक्रेत्यांच्या रक्तावरील परिणाम हे धोके त्यांनी मांडले. अणुबाँबच्या कारखान्यात किरणांपासून कामगारांचे रक्षण करण्याचा अनुभव असलेला डॉक्टर बुटांच्या दुकानाबद्दल चिंता व्यक्त करतो, ही घटना अंगावर काटा आणणारी आहे. लवकरच प्रत्यक्ष इजेच्या नोंदीही आल्या. १९५० च्या एका अहवालानुसार, बुटांचे प्रदर्शन करणाऱ्या एका स्त्रीचा पाय किरणांनी इतका भाजला की तो कापावा लागला. १९५७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने दुकानातील एका स्त्री कर्मचाऱ्याच्या पायाला झालेल्या दीर्घकालीन त्वचाविकाराची नोंद छापली, ती दहा वर्षे रोज अनेकदा हे यंत्र वापरत होती.

(२०)
येथे काही आक्षेप घेतले जातील. त्यांची उत्तरे देणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप: सिद्ध झालेल्या इजा तर मोजक्याच आहेत. हे खरे आहे. पाय हा शरीराचा तुलनेने सोशिक भाग. मात्रा बहुतांशी तेवढ्यापुरती. बहुसंख्य ग्राहकांना दिसेल अशी इजा झाली नाही, हेही मान्य करावे. परंतु कर्करोग दशकांनी प्रकट होतो आणि बालपणी कोण किती वेळा पेटीवर चढले याची नोंद कोणीच ठेवली नाही. ज्याने नोंदवहीच उघडली नाही, त्याने नंतर येऊन ‘नोंद सापडत नाही’ असे म्हणणे हा निर्दोषत्वाचा पुरावा होऊ शकत नाही. मोजक्या इजा सापडल्या, कारण शोधणारेही मोजकेच होते.

(२१)
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अल्प मात्रेने पुढे कर्करोग होऊ शकतो, हे ज्ञान हिरोशिमा आणि नागासाकी येथील वाचलेल्यांच्या अभ्यासानंतर, १९५० च्या दशकात स्पष्ट होऊ लागले, मग १९२० च्या माणसाला दोष का? हा भेद योग्य आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तो पाळलाच पाहिजे. मात्र यंत्राविरुद्धचे आरोपपत्र अल्प मात्रेच्या ज्ञानावर उभे नाही. त्वचा भाजते हे १८९६ मध्ये, किरण मारतात हे १९०१ मध्ये, वाढत्या पेशी अधिक नाजूक असतात हे १९०६ मध्ये ठाऊक होते. आणि पायांवरील मात्रा अल्पही नव्हती. आरोप एवढाच आहे: जे माहीत होते, ते दुकानाच्या उंबरठ्यावर थांबवले गेले.

(२२)
तिसरा आक्षेप: तेव्हाचे डॉक्टरसुद्धा किरण सढळ हाताने वापरत. वापरत, आणि त्याची किंमत हॅम्बुर्गच्या दगडावर कोरलेली आहे. तथापि, क्षयाच्या संशयाने छाती तपासणे आणि बुटाचा नंबर ठरवणे यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्या पारड्यात जीव वाचण्याची शक्यता होती. दुसऱ्या पारड्यात काहीच नव्हते. आंतरराष्ट्रीय समितीने १९७७ मध्ये हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले की ज्यातून निव्वळ लाभ होत नाही असा किरणांचा वापर करू नये. पण हे तत्त्व समजण्यासाठी १९७७ ची वाट पाहण्याची गरज नव्हती. धोका थोडा असला तरी तो कशासाठी पत्करायचा, हा प्रश्न कोणत्याही काळातील सुबुद्ध माणसाला सुचू शकतो.

(२३)
शेवट कसा झाला, हेही पाहावे; कारण यंत्रे पश्चात्तापाने हटली नाहीत. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया हे त्यांवर बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. विल्यम्स यांच्या मोजणीनंतर आठ वर्षांनी. पुढे इतर राज्ये एकेक करत आली. किरण सोडणाऱ्या वस्तूंवर नियंत्रण ठेवणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत १९६८ मध्ये झाला. तरीही वेस्ट व्हर्जिनियातील एका दुकानात असे यंत्र १९८१ मध्ये वापरात आढळले. स्वित्झर्लंडमध्ये बंदी आली १९८९ मध्ये. रोलिन्स यांच्या प्रयोगापासून मोजले तर ८८ वर्षे. ज्ञान पोहोचण्यास इतका वेळ लागत नाही. एवढा वेळ लागतो तो, ज्ञान पोहोचल्यावर कृती करण्यास कोणीही बांधील नसताना.

(२४)
इतिहासाचा आदर म्हणजे भूतकाळातील माणसांना सरसकट अज्ञानी समजून माफ करणे नव्हे. त्यात एक सूक्ष्म अपमानही दडलेला असतो. ‘त्या काळी कोणालाच माहीत नव्हते’ असे म्हटले की रोलिन्स पुसले जातात, बेर्गोनिए आणि त्रिबाँदो पुसले जातात, हेम्पेलमन पुसले जातात. डॅली यांचे कापलेले हात तर निरर्थकच ठरतात. ‘तो काळ’ एकसंध नसतो. प्रत्येक काळात जाणणारे असतात, जाणून गप्प बसणारे असतात, आणि ज्यांना कोणी सांगितलेच नाही असेही असतात. मुलाला पेटीवर चढवणारी आई तिसऱ्या गटातील. तिला दोष देणे अन्यायाचे. पेटी विकणारा मात्र तिच्या पदराआड लपू शकत नाही.

(२५)
म्हणून पुढच्या वेळी ते छायाचित्र समोर आले, किंवा शिसेयुक्त पेट्रोल, ॲस्बेस्टॉस, तंबाखू यांच्याविषयी तेच परिचित वाक्य ऐकू आले, तर वाचकाने चार प्रश्न विचारावेत. नेमके कोणाला माहीत नव्हते? ज्यांना माहीत होते त्यांनी ते कोठे लिहून ठेवले? ते इतरांना सांगण्याचे काम कोणाचे होते? आणि न सांगण्यात कोणाचा लाभ होता? या प्रश्नांची उत्तरे जुन्या नियतकालिकांत, पेटंटच्या कागदांत आणि कायद्यांच्या तारखांत बहुधा सापडतात; शोधण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात. कधी कधी शोधाअंती खरोखरच अज्ञान हाती लागते, आणि तेव्हा क्षमाही योग्य ठरते. बुटांच्या दुकानातील यंत्राच्या बाबतीत तसे काही हाती लागत नाही.